शब्द तुझा, पाय माझे

लाउसा गाव
क्वांगश्यू सम्राटांचं चोविसावं वर्ष, दुसरा महिना

दादा,

तुझं पत्र काल आलं. आईला मी ते वाचून दाखवलं, एक वाक्य सोडून.

कुठलं, ते तुला कळलंच असेल. ‘युनचीला मी थाम सिंगकोकच्या पदरात टाकली आहे, नव्या वर्षात तो तिला न्यायला येईल.’ समुद्रापलीकडच्या त्या तुझ्या पेराकचा पाऊस, दुकानातली मांजर, तिथल्या तांदळाला येणारा वास, सगळं सगळं वाचलं आणि ही एक ओळ गिळली. आईच्या कानावर घालण्याआधी मला तुझ्याशी बोलायचं होतं.

उत्तर सरळ आहे. नाही.

रागाने लिहीत नाहीये. थाम भाऊंनी काय केलं ते मी विसरलेली नाही. कथिलाच्या खाणीची भिंत ढासळली, तू मातीखाली गेलास, बाकीचे जीव घेऊन पळाले आणि या एका माणसाने नुसत्या हातांनी तुला उकरून काढलं. पायाला थोडं खरचटण्यावर निभावलं, असं तू लिहिलंस, त्या दिवशी आईने देवळात जाऊन तेलाचा दिवा लावला होता. दर पौर्णिमेला मी थाम भाऊंच्या नावाने उदबत्ती लावते. त्यांचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण माणसाचे उपकार फेडायला दुसरं माणूस द्यायचं, हे मला पटत नाही. विशेषतः ते दुसरं माणूस मी असताना.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. पहाटे भोंगा झाला की आम्ही गावातल्या पोरी रेशमाच्या कारखान्यात जातो. उकळत्या पाण्यातून कोश काढून धागा ओढायचा. बोटं पोळतात, म्हणून अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. अक्षर मुळात तुझ्यापेक्षा माझंच चांगलं. बाबा तुला शिकवायचे आणि मी बाजूला उभी राहून दोघांना पंखा घालायचे. तू पेंगायचास. मी पेंगत नव्हते.

संध्याकाळी मी मोक मावशींकडे असते. आठवतात ना? देवळामागे राहतात, हाडं बसवतात. तू लिचीच्या झाडावरून पडलास तेव्हा तुझा खांदा त्यांनीच जागेवर आणला होता. त्यांना औषधं कुटायला मदत करते.

आई बरी आहे. तुला जेवणात आलं जास्त घालायला सांगितलंय.

तुझी
युनची


चौथा महिना

दादा,

म्हणजे मोठ्या काकांनी तुला कळवलंच. ‘शाळामास्तरांची मुलगी बांधावर होडीचा बांबू घेऊन माकडासारख्या उड्या मारते.’ यात दोन दुरुस्त्या आहेत. उड्या मारायला मावशींनी आम्हाला अजून शिकवलेलं नाही. आणि मी एकटी नाही, कारखान्यातल्या बऱ्याच जणी आहेत.

औषधं कुटते हेही खोटं नव्हतं. कुटून झाल्यावर काय करतो, ते लिहिलं नव्हतं एवढंच.

तू विचारतोस, हे खूळ डोक्यात कुणी भरवलं. सांगते.

कारखान्याची वाट तळ्यांमधल्या बांधावरून जाते, तुला माहीतच आहे. तिथे तुतीच्या मळ्याच्या टोकाला आता जुगाराचा एक अड्डा झालाय. हरलेली माणसं दारात बसलेली असतात. हरलेल्या माणसाला कुणावर तरी जिंकायचं असतं, आणि आम्ही रोज त्याच वाटेने जातो. आधी शेरे मारायचे. मग वाट अडवायला लागले. एकदा त्यांच्यातल्या फाटक्या कानाच्या माणसाने लिनहिंगची वेणी धरून तिला ओढली. लिनहिंग म्हणजे आपल्या शेजारच्या होडीवाल्याची धाकटी, तू गेलास तेव्हा एवढीशी होती. ती दगडावर पडली, कोपर निखळलं. दादा, आम्ही एवढ्या जणी होतो आणि काय केलं? किंचाळलो. ते हसले. मला ते हसणं सगळ्यात जास्त झोंबलं.

तिला घेऊन मावशींकडे गेलो. मावशींनी काही न विचारता कोपर धरलं, एक हिसका दिला, बसवलं. मग म्हणाल्या, “कंटाळले बाई मी. या बांधावरच्या पोरींची हाडं बसवून बसवून कंटाळले.”

“मग आम्ही काय करायचं?” लिनहिंग रडत म्हणाली. “घरी बसायचं?”

“नाही. उभं राहायचं.”

“उभीच तर आहे!”

“याला उभं राहणं म्हणतात?” मावशींनी तिच्या खांद्याला नुसतं बोट लावलं. लिनहिंग मागच्या औषधी सालींच्या टोपलीत जाऊन बसली.

आम्हाला इतकं हसू आलं की तीसुद्धा रडायचं विसरली.

मावशींचे यजमान तरुण मुलांना मुठीची आणि काठीची विद्या शिकवायचे, हे गावाला माहीत आहे. गावाला हे माहीत नाही की ते अंथरुणाला खिळल्यावर त्यांच्या शिष्यांना मावशीच शिकवायच्या. शिष्य बाहेर सांगायचे, गुरुजींनी शिकवलं. मावशींनी कधी खोडून काढलं नाही. मी विचारलं, “राग नाही आला?” म्हणाल्या, “आला. म्हणून तर तुम्हाला शिकवतेय.”

पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हाला फक्त उभं केलं. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि तसंच राहायचं. मांड्यांना आग लागायची. एकीने विचारलं, “मावशी, मारायला कधी शिकवणार?” तर म्हणाल्या, “तू आधी न पडायला शीक, मग दुसऱ्याला पाडायचं बघू.” आता हात सोडवायला शिकलोय. कुणी मनगट धरलं तर मागे ओढायचं नाही; धरणाऱ्याचा अंगठा जिकडे असेल तिकडे वळवायचं. पकड तिथेच कच्ची असते. घरी आईने कोथिंबीर आणायला पाठवताना माझा हात धरला, मी नकळत सोडवून घेतला. ती बघतच राहिली.

दादा, तुला वाटत असेल की मी आता येता-जाता लोकांना ठोसे मारत सुटणार. तसं नाही. आत्तापर्यंत मी कुणाला टिचकीसुद्धा मारलेली नाही. पण मी आता बांधाच्या मधून चालते. पूर्वी कडेने चालायचे, तळ्यात पाय जाईल की काय अशी. कारखान्यातला मुकादम परवा अंगावर ओरडला, तर मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, एवढंच. त्याने आवाज खाली आणला.

याला खूळ म्हणायचं असेल तर म्हण.

युनची


सातवा महिना, सात बहिणींच्या सणानंतर

दादा,

तुझं पत्र नाही. रुसला असशील. मी लिहिते.

सणाला कारखाना दुपारी सुटला. पोरींनी सात बहिणींपुढे मांडायला भाताचे कोंब, कागदाची फुलं, भरतकामाचे बूट असं सगळं परातींतून घेतलं होतं. आम्ही हसत, गात येत होतो. अड्ड्यापाशी फाटका कान आणि त्याचे सोबती बांधावर आडवे उभे राहिले. म्हणाला, “देवींचा प्रसाद आधी आम्हाला.”

लिनहिंगने परात खाली ठेवली. “वाट सोडा.”

“आणि नाही सोडली तर? किंचाळशील?”

“नाही,” ती म्हणाली. “त्या दिवशी किंचाळून झालं.”

त्याने तिच्या वेणीकडे हात नेला. पुढचं मला नीट क्रमाने सांगता येणार नाही. एवढं आठवतं की लिनहिंग आत शिरली, मागे नाही, आणि तिचं कोपर, तेच कोपर, त्याच्या छातीत बसलं. दुसरा माझ्यावर आला. मी खाली बसून त्याच्या पायांमधून बांबू घातला. तो स्वतःच्याच जोराने तळ्यात गेला. मग सगळ्याच जणी पुढे झाल्या. हरलेली माणसं ती, दादा. त्यांना लढायची सवय नव्हतीच, फक्त घाबरवायची होती. आम्ही घाबरलो होतो, पण जागच्या हललो नाही. आणि ते पळाले.

मला काही लागलं नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय ते केवळ सराव म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोठ्या काकांनी आम्हाला कुळाच्या सभागृहात बोलावलं. फाटक्या कानाला नाही, आम्हाला. “घराण्याची अब्रू गेली,” म्हणाले. मी विचारलं, “काका, गेल्या साली लिनहिंगला वेणी धरून फरपटलं तेव्हा अब्रू कुठे होती?” काकांचा चहा कपातच राहिला. मावशी मागे बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “जिभेला पण घोड्यावर बसायला शिकव. फार पुढे पळते.”

आता खरी गोष्ट. आईला कळलं.

मी विषय काढलाच नव्हता. माझ्या मनगटाला लेप लावता लावता ती म्हणाली, “दुसऱ्या महिन्यात त्याचं पत्र वाचताना एके ठिकाणी तू श्वास घेतलास. काय होतं तिथे?” इतके महिने ती गप्प होती, दादा! मी सांगितलं. लग्नाचं, आणि माझ्या नाहीचं.

ती चिडली नाही. त्याहून वाईट, ती घाबरली. म्हणाली, “तू लग्न केलं नाहीस तर मेल्यावर तुझ्या नावाची पाटी कुठे बसवायची? या घराच्या देव्हाऱ्यात मुलीला जागा नाही. कोण तुला भात वाढेल? कोण उदबत्ती लावेल?”

मी म्हटलं, “कारखान्यातल्या थोरल्या बायकांनी लग्न न करता स्वतःचं घर बांधलंय. एकमेकींच्या पाट्या तिथे बसवतात.”

“परक्या बायका?”

“आई, नवऱ्याच्या घरचे तरी पहिल्या दिवशी कोण असतात?”

 तिने लेप फार घट्ट बांधला.

युनची


दहावा महिना

दादा,

(‘यापुढे मला भाऊ म्हणू नकोस’ असं तू लिहिलंयस. दुसरं काय म्हणू, ते लिहिलं नाहीस, म्हणून तूर्त हेच.)

म्हणजे थाम भाऊ नव्या वर्षानंतरच्या बोटीने येणार. मोठे काका डोली आणि होडी ठरवणार. आणि मी गेले नाही तर तू आमचं तोंड बघणार नाहीस, आईला शेवटची माती द्यायलाही येणार नाहीस. हे सगळं मी या वेळी आईला वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. ती उठून चुलीपाशी गेली. बराच वेळ तिथेच होती. चूल पेटवलेली नव्हती.

तू लिहितोस, ‘पुरुषाचा शब्द आहे.’ असू दे ना. शब्द तू दिलास, तोंड तुझं होतं. तो पाळायला माझे पाय कशाला हवेत? तुला थाम भाऊंचं ऋण फेडायचं असेल तर त्यांचा भाऊ हो. त्यांच्या म्हातारपणी त्यांना सांभाळ. ते आजारी पडले तर रात्रंदिवस जाग. यातलं काहीही करायला मला विचारायची गरज नाही.

येऊ देत त्यांना. मी लपणार नाही. पळून जाणार नाही. माझ्या भावाला मातीतून काढणारा माणूस दाराशी येतोय, त्याला चांगलं जेवायला घालीन. आई बदक शिजवेल. मी वाफवलेला मासा करीन, तुला आवडतो तसा, वाळवलेल्या संत्र्याची साल घालून.

एक शंका मात्र सतावते. गेल्या दोन वर्षांत तू स्वतः येण्याचं नाव काढलं नाहीस. आधी दर पत्रात असायचं, पुढच्या साली येतो, पुढच्या साली येतो. आता आम्हालाच तिकडे बोलावतोस. का रे?

युनची


क्वांगश्यू सम्राटांचं पंचविसावं वर्ष, दुसरा महिना

दादा,

हे पत्र थाम भाऊ स्वतः पोचतं करणार होते. पण त्यांना इथे थोडा वेळ लागेल, म्हणून वेगळं पाठवते. सगळं सांगते.

सकाळी धुकं होतं. लाल कापड लावलेली होडी घाटाच्या पायऱ्यांना लागली. पुढे मोठे काका, मागे डोलीवाले, आणि सगळ्यांच्या मागे एक बुटका, रुंद माणूस, डोक्यावर परदेशी टोपी, हातात आईसाठी पेराकच्या खाऊचा डबा. इतका अवघडलेला, की डबा कुठल्या हातात धरावा हेही त्यांना सुचत नव्हतं.

मी पायऱ्यांवर उभी होते. माझ्यामागे लिनहिंग आणि बाकीच्या. त्या दिवशी कारखान्यात धागा ओढायला फारसं कुणी गेलंच नाही. मावशींनी स्टूल आणवलं होतं आणि कलिंगडाच्या बिया सोलत बसल्या होत्या, नाटकाला आल्यासारख्या.

काका म्हणाले, “चल, बस.”

मी म्हटलं, “नाही, काका. मी जाणार नाही.”

काका डोलीवाल्यांकडे वळून हसले. “नवऱ्या मुली असंच म्हणतात. उचला.”

दादा, हीच तर सगळी अडचण आहे. लग्नाच्या दिवशी मुलीने रडायचं, नाही म्हणायचं, अशी रीत. मग खरंच नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं? म्हणून मी ठरवलं होतं, रडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. आणि हलायचं नाही.

पहिल्याने माझं मनगट धरलं. मी अंगठ्याकडे वळवून सोडवलं आणि त्याच्याच झोकाने त्याला पुढे जाऊ दिलं. पुढे पाणी होतं. दुसरा दोन्ही हात पसरून आला, त्याच्या गुडघ्यावर बांबू टेकवला, मारला नाही, नुसता टेकवला आणि ढकलला. तो पायरीवर बसला आणि उठायचा विचारच त्याने सोडून दिला. तिसऱ्याने हात वर केले. “मी डोली उचलायला आलोय बाई, पोरी उचलायला नाही.”

आजूबाजूच्या होड्यांतून हशा उठला. काका लालबुंद झाले. म्हणाले, “सगळे मिळून धरा तिला!”

“थांबा,” असा आवाज आला. थाम भाऊ पुढे आले.

मी बांबू खाली ठेवला. ओल्या दगडावर गुडघे टेकले आणि कपाळ दगडाला लावून त्यांना नमस्कार केला. एकदा नाही, पितरांना करतात तसा तीनदा.  मी म्हटलं, “भाऊ, माझ्या दादाचा जीव तुम्ही वाचवलात. हा माझा नमस्कार. जिवंत आहे तोवर तुम्ही दिसाल तिथे करीन.”

मग उठले. बांबू पुन्हा हातात घेतला. “आता सांगा, तुम्ही काय न्यायला आलात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्यातून वर येणाऱ्या त्या ओल्या डोलीवाल्याकडे. “मला सांगितलं होतं, मुलगी तयार आहे, वाट बघतेय,” ते हळू म्हणाले. “वाट बघत होतीस, एवढं खरं दिसतंय.”

सगळ्यात आधी मावशी हसल्या. बिया सांडल्या त्यांच्या.

पण थाम भाऊ हसत नव्हते. त्यांनी हात पुढे केले. दादा, त्या हातांना नखं नाहीत. तू हे कधी लिहिलं नाहीस. ते काकांना म्हणाले, “मी खणत होतो तेव्हा खाली कोण आहे, त्याला बहीण आहे की नाही, मला काही माहीत नव्हतं. आतून आवाज येत होता, म्हणून खणत होतो. मी काही मागितलं नव्हतं. तो देत सुटला. तिची खुशी आहे म्हणाला, म्हणून मी हो म्हटलं. होडीचं लाल कापड काढा.”

“शब्द दिलाय!” काका ओरडले.

“मला दिलाय ना? मग मी परत करतो.”

नंतर ते आमच्याकडे जेवले. बदक, मासा, सगळं. आईने त्यांच्या वाटीत वाढत वाढत विचारलं, “माझा पोरगा का नाही आला हो तुमच्यासोबत?”

त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या वाटीवरच थांबल्या. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “त्याने लिहिलं नाही?”

अशा रीतीने आम्हाला कळलं, की तुझा डावा पाय गुडघ्यापासून नाही. तू आता खाणीत नाहीस, दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांची पत्रं लिहून देतोस. ‘थोडं खरचटलं’! मी तुझं एक वाक्य लपवलं तर तू एवढा गहजब केलास, आणि तू आमच्यापासून अख्खा पाय लपवलास.

आई रडली नाही. तिने थाम भाऊंच्या वाटीत अजून एक तुकडा घातला आणि म्हणाली, “एकटाच राहतो का?”

“एकटाच, काकी. रात्री दुखतं त्याला. कुणाला हाक मारत नाही. घरचं माणूस जवळ हवंय, पण मागायची लाज वाटते. मला वाटतं, म्हणूनच त्याने लग्न जमवलं. बहीण येईल, मागून तुम्ही याल.”

दादा, मी फार चिडले आहे. तू लग्न ठरवलंस म्हणून तेव्हा चिडले नव्हते एवढी. ‘युनची, मला गरज आहे, ये,’ एवढं लिहायला काय जड होतं? मला कुणाच्या पदराला बांधून पाठवायची काय गरज होती? मला विचारायचंस. मला आजवर कुणी, एकदाही, विचारलंच नव्हतं.

युनची


हाँगकाँग
चौथा महिना

दादा,

उद्या टपालाची बोट निघतेय, आमची नंतर. हे आधी पोचेल.

आमची म्हणजे माझी आणि आईची.

तू ‘ये’ लिहिलं नाहीसच. मी उत्तराची वाट बघितली नाही. हा माझा निर्णय आहे, तुझा नाही आणि थाम भाऊंचाही नाही, हे आधी समजून घे. ते याच बोटीने परततायत, पुरुषांच्या बाजूला. आम्हाला जागा मिळवून द्यायला त्यांनी बरीच धावपळ केली आणि त्याबद्दल माझा नमस्कार घ्यायचं मात्र टाळत फिरतायत. म्हणतात, “पुरे आता, गुडघे झिजतील तुझे.”

निघण्याआधी क्वानयिन देवीसमोर मी माझे केस माझ्या हातांनी विंचरून अंबाडा बांधला. लग्न करणार नाही, स्वतःच्या हातांचं खाईन, असं म्हटलं. नवरीचे केस दुसरी बाई विंचरते. हे आपले आपणच विंचरायचे असतात. आई तिथे आली होती. येईल असं मला वाटलं नव्हतं. तिने काही मंत्र म्हटला नाही, आशीर्वाद दिला नाही. एक बट निसटली होती, ती हाताने आत खोचली. मला तेवढं पुष्कळ झालं.

मोठ्या काकांनी घराला कुलूप लावलंय. माझं नाव घराण्यातून काढलं, असं सभागृहात जाहीर केलं. तसं ते वहीत कधी लिहिलेलंच नव्हतं, मुलींची लिहीत नाहीत, त्यामुळे काय खोडलं ते त्यांनाच माहीत. आपल्या पितरांच्या पाट्या थोरल्या बायकांनी त्यांच्या घरात नीट ठेवल्यात. बांधावर आता लिनहिंग शिकवते. नव्या पोरी आल्यायत, काही जणींच्या आयाच त्यांना आणून सोडतात. जुगाराचा अड्डा तिथेच आहे. पण दारातली माणसं आता आत बसतात.

मावशींनी या दोन महिन्यांत मला हाडं बसवायचं जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवलं. मी विचारलं, “मावशी, मी तिकडे काय करीन? कोण ओळखतं मला?” त्या म्हणाल्या, “तिकडे माणसं पडत नाहीत का? पडली की ओळखतील.” माझ्यासोबत थोडं पुढे आल्या. मग मला काही कळायच्या आत मागून खांद्यावर बोट लावलं. मी पडले नाही. त्या वळून निघून गेल्या. त्यांना बहुतेक मला रडताना बघायचं नव्हतं.

तर, पेराकमध्ये मी तुझ्या घरात आश्रित म्हणून राहणार नाही. हाडं बसवीन, लेप करीन, आणि ज्या पोरींना उभं राहायचं असेल त्यांना शिकवीन. तुला पटलं नाही तर जवळच वेगळी खोली घेईन आणि रोज येऊन तुझ्याशी भांडेन. तुझ्या त्या पायाचं ठसठसणं मला बघू दे. मावशी म्हणाल्या, त्यालाही उपाय असतो.

आईचं सांगू? ती येणार असं ठरलं तेव्हा मीच घाबरले होते. तिचे पाय तुला माहीत आहेत, वाढू नयेत म्हणून लहानपणी आजीने रीतीप्रमाणे कापडाने आवळून बांधलेले, मुठीएवढे. घाटाच्या पायऱ्या चढतानासुद्धा भिंत धरते. मी म्हटलं, “आई, एवढा लांबचा प्रवास, बोट हलते, कसं करशील?” ती म्हणाली, “पाच वर्षांची होते तेव्हापासून मोडक्या पायांवर चालतेय मी. तेवढ्यावर संसार केला, दोन पोरं वाढवली, नवरा पोचवला. आणि हा माझा मुलगा, एक पाय गेला म्हणून आईला तोंड दाखवायला लाजतो! जाऊन कान धरायला हवा त्याचा.”

म्हणून कान सांभाळ.

आत्ता ती खानावळीच्या बाईला मासा कसा वाफवायचा ते शिकवतेय. बाईने विचारलेलं नाही. तुझ्यासाठी तिने खारवलेलं बदक बांधून घेतलंय, त्याचा वास सगळ्या खोलीभर झालाय आणि शेजारचे लोक कुरकुर करतायत.

आमची बोट पेनांग बंदरात लागेल, तिथे तू आम्हाला न्यायला येशीलच. थाम भाऊ म्हणतात, धक्क्यावर बोट लागली की फार गर्दी होते. सगळे उभे राहून माना उंचावतात, धक्काबुक्की होते. तू त्यात शिरू नकोस. सावली बघून कुठेतरी बसून राहा. गर्दीतून वाट काढणं मला जमतं.

आम्ही येतो तुझ्यापर्यंत.

तुझी बहीण
युनची